काळी वही आणि ४१२ नग

बँकेच्या कर्ज अर्जात रकान्यांना तोटा नसतो. जमीन किती, तारण काय, जामीनदार कोण, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद कुठे आहेत. माणूस कसा आहे, याला मात्र रकाना नाही. शेवटी 'अधिकाऱ्याचा अभिप्राय' म्हणून चार ओळींची जागा सोडलेली असते आणि तिथं आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आलो: 'अर्जदार होतकरू व मेहनती असून व्यवसायाचा अनुभव आहे.'

२००३ साली मी कोल्हापुरातल्या एका बँकेत उद्योगांची कर्जं बघत होतो. तेव्हा समोर बसलेल्या एका माणसाबद्दल मी त्या वाक्यापुढं अर्धी ओळ वाढवली: 'स्वभाव अबोल, विक्रीची बाजू कमकुवत वाटते.' त्यानं अठरा लाख मागितले होते. अर्ध्या ओळीची करामत म्हणा, बारा मंजूर झाले. आज त्याची शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, आहे, दीडशेच्या आसपास माणसं कामाला आहेत. मी निवृत्त झालोय आणि अधूनमधून नव्या अधिकाऱ्यांपुढं 'कर्जदार ओळखायचा कसा' यावर तासभर बोलायला जातो. तिथं हेच प्रकरण सांगतो, कारण यात अंदाज माझाच चुकला होता. त्याला विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. कामगार त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

त्याच महिन्यात माझ्याकडं आणखी एक अर्ज होता. गडी बोलायला असा की जाळ आणि धूर संगटच. टेबलावर बसल्या बसल्या त्यानं मला जर्मनीला माल पाठवून दाखवला. त्याला मागेल तेवढं मिळालं. त्याचं पुढं काय झालं ते इथं सांगत नाही, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यात त्याच्यापेक्षा दोष आमचा जास्त आहे. पण आमच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं: धंद्यात पुढं जाणारा माणूस बोलका, चारचौघांत उठून दिसणारा असतो. पुढं कळलं की हे तपासलं गेलंय. झाओ आणि सायबर्ट या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि पगारी मॅनेजर यांच्या स्वभावाची तुलना केली. बोलकेपणात दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. फरक निघाला तो काटेकोरपणात, नव्या गोष्टीची ओढ असण्यात, मन लवकर न डगमगण्यात. आणि हो, उद्योजक मंडळी जुळवून घेण्यात थोडी कमी भरली. हे शेवटचं दादाच्या बाबतीत किती खरं आहे ते पुढं येईलच.

गुळव्याचा पोरगा

पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव. दोन भावांत मिळून तीस गुंठे ऊस. वडील गुळव्या, म्हणजे हंगामात दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभे. ज्यानं गुऱ्हाळ जवळून बघितलंय त्याला हे काम काय असतं ते सांगायला नको. रस उकळत असतो, मळी काढली जाते, पाक घट्ट होत येतो आणि एका क्षणी काहील उतरवायची असते. थोडी आधी उतरवली तर गूळ लिबलिबीत राहतो, ढेप बसत नाही. उशीर झाला तर काळा पडतो आणि यार्डात दर मार खातो. क्षण कोणता, ते गुळव्याची नजर ठरवते. दादा लहानपणी चुलवाणात चिपाडं सारायला असायचा. तो मला एकदा म्हणाला, "साहेब, पाक बिघडला की बाकीचे गुळवे चुलव्यावर घसरायचे, जाळ जास्त केलास म्हणून. आमचे अण्णा म्हणायचे, माझी नजर हुकली."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याची किंमत तीन वर्षांनी कळली.

बाकीचं थोडक्यात. दहावीनंतर आयटीआय, टर्नर ट्रेड. मग उद्यमनगरात हेल्पर, मग लेथवर. कोल्हापूरला यंत्राशी झटापट करायची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथंच, स्वतःच्या हातानं जुळवून उभा केला, ते काही आकाशातून पडलं नव्हतं. ऑइल इंजिनचे भाग, उसाचे चरक, पंप यांवर पोट भरणारी शेकडो वर्कशॉपं या गावानं पोसली. दादा त्यातलाच एक. १९९८ ला भाड्याच्या गाळ्यात दोन जुने लेथ टाकले, आणि २००३ ला छोटी फौंड्री घालायची म्हणून आमच्या बँकेत आला. अर्जासोबत त्यानं एक काळी वही आणली होती, कडा तेलकट झालेली. मी ती उघडलीसुद्धा नाही. 'हे राहू दे, सीएचा प्रोजेक्ट रिपोर्ट आणा,' म्हणालो.

ट्रक परत आला

जुलै २००६. एका पंप कंपनीसाठी तो व्हॉल्व्ह बॉडी ओतायचा. सहाशे नगांचा लॉट गेला होता, त्यातले ४१२ परत आले. पिनहोल. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. ओतीव नग बाहेरून स्वच्छ दिसतो, काही कळत नाही. गिऱ्हाइकाकडं मशिनिंगला गेला, वरची दोन-तीन मिलिमीटर कातडी निघाली की आतली चाळण उघडी पडते. त्यामुळं नुकसान नुसतं लोखंडाचं राहत नाही, मशिनिंगचा खर्चही डेबिट नोटमध्ये, म्हणजे गिऱ्हाईक आपल्या बिलातून कापून घेतं त्या रकमेत, लागतो. त्याचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं, खातं आधीच मर्यादेला टेकलेलं. मी शिरोलीला गेलो तो वसुलीच्याच अंगानं.

पाऊस लागून राहिला होता. शेडच्या पुढं ताडपत्री ताणलेली, खाली नगांचा ढीग, आणि दादा हातात घण घेऊन एकेक नग फोडतोय. मालक स्वतः. शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर वहिनी, मांडीवर ती काळी वही. तो नग उलटा करून त्यावरचा हीट नंबर वाचायचा, मग घण घालायचा, तुटलेली बाजू उजेडाकडं धरायचा आणि म्हणायचा, "सतरा-ब, हाय." किंवा "एकोणीस-अ, न्हाई." वहिनी काडी मारत होत्या. भट्टीतून एकदा वितळलेल्या मालाला 'हीट' म्हणतात, आणि प्रत्येक नगावर हीटचा नंबर पाडायची सवय त्यानं पहिल्या दिवसापासून लावली होती. त्या गिऱ्हाइकानं ते मागितलंही नव्हतं.

वाळूचा पुरवठादार एका बाजूला हवालदिल उभा होता, कारण सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता: पावसाळा आहे, वाळू ओली आली, दुसरं काय असणार. सुपरवायझर तेच म्हणत होता. मलाही पटलं होतं. पावसाळ्यात वाळूतला ओलावा तीन-चार टक्क्यांच्या पुढं सरकला की फौंड्रीवाल्यांची झोप उडते, एवढं माझ्याही कानावर होतं.

संध्याकाळपर्यंत काड्यांचा हिशेब जमला. खराब नगांपैकी बहुतेक सगळे नऊ हीटमधले, आणि त्या नऊही हीट दोनच रात्रींच्या. वाळू तर महिनाभर तीच होती. मग वहिनींनी वहीतली त्या दोन रात्रींची पानं काढली. दोन्ही ठिकाणी एकच नोंद: 'लॅडल नवीन लायनिंग. बर्नर ४० मि.'

लॅडल म्हणजे भट्टीतलं पाणी साच्यापर्यंत नेणारा डबा. (वितळलेल्या लोखंडाला इकडं पाणीच म्हणतात.) त्याला आतून अस्तर असतं. ते नवीन केलं की ओलं असतं, म्हणून बर्नर लावून पूर्ण वाळवावं, तापवावं लागतं. त्याच्याकडं दोन तासांचा नियम होता. अस्तरात ओल राहिली तर चौदाशे अंशांच्या पाण्याला ती लागते, ओलीतला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि माल थिजताना बुडबुडे होऊन अडकून बसतो. तीच पिनहोल. आणि दोन तासांचे चाळीस मिनिटं कुणी केले? त्या महिन्यात डिझेलचा खर्च वाढला म्हणून दादानंच.

तो वाळूवाल्याकडं वळून म्हणाला, "तुमची वाळू बरोबर हाय. जावा तुम्ही, चहा घेऊन जावा." मग वही घेतली आणि त्या पानाच्या समासात लिहिलं: 'बर्नर कमी केला, मी सांगितलं.' तारीख टाकली, सही केली. माझ्याकडं बघून म्हणाला, "हप्त्याचं बोलायला आलासा न्हवं? बसा."

दुसऱ्या दिवशी फुटलेले आठ-दहा तुकडे पोत्यात घालून तो गिऱ्हाइकाकडं गेला आणि विचारायच्या आधी कारण सांगून मोकळा झाला. मला वाटलं होतं, असं वागल्यावर डेबिट नोट माफ होईल. एक रुपया माफ झाला नाही. दोन महिने ऑर्डरही आली नाही. तिसऱ्या महिन्यात आली, आधीच्या निम्म्यानं. वहिनींच्या दोन पाटल्या आणि गंठण त्या दोन महिन्यांत गहाण पडलं, तेही आमच्याच बँकेत, सोनेतारण खिडकीवर. मी बघत होतो.

जिद्द म्हणतात ती

दादाचा सत्कार वगैरे झाला की भाषणात 'जिद्द' हा शब्द चार वेळा तरी येतो. कोल्हापूरला हा शब्द लई प्रिय. मला त्याचा कंटाळा आलाय, कारण तो काहीच सांगत नाही. जिद्दीनं बुडालेली माणसं मी जास्त बघितलीत. चुकीच्या धंद्यात जिद्दीनं दहा वर्षं पैसा ओतणारे, भावकीच्या कोर्ट-कज्जात जिद्दीनं जमीन घालवणारे. त्यांच्या फायली जाड असतात.

२००७ च्या सुमारास अमेरिकेत अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 'ग्रिट' ही कल्पना मांडली, दूरचं ध्येय आणि त्याचा दीर्घकाळ चिवट पाठलाग. ती जगभर गाजली. पण २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की हे ग्रिट म्हणजे मानसशास्त्राला आधीच माहीत असलेल्या काटेकोरपणाशी फार मोठ्या प्रमाणात जुळतं. आणि काटेकोरपणाचं महत्त्व तर १९९१ मध्येच बॅरिक आणि माउंट यांनी दाखवलं होतं: वेगवेगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत, सगळीकडं कामाशी नातं दाखवणारा स्वभावगुण हाच. म्हणजे व्यासपीठावर जिला जिद्द म्हणतात ती जवळ जाऊन बघितली तर बऱ्याचदा एक तेलकट वही निघते.

दुसरा भाग चूक अंगावर घेण्याचा. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये एक मोजपट्टी दिली: आपल्या बाबतीत जे घडतं त्याची दोरी आपल्या हातात आहे असं माणूस मानतो, की नशिबाच्या, दुसऱ्याच्या हातात. 'पावसाळ्यात असंच होतंय' हे दुसऱ्या टोकाचं वाक्य. 'माझी नजर हुकली' हे पहिल्या टोकाचं. दादाला ते पुस्तकातून नव्हे, काहिलीपाशी मिळालं. यात नुसता मोठेपणा नाही, रोकडा व्यवहार आहे. वाळूला दोष दिला असता तर वाळूवाला बदलला असता, बर्नर चाळीस मिनिटंच राहिला असता आणि ऑगस्टमध्ये आणखी एक ट्रक परत आला असता.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथं सगळे देतात, तसं मीही देतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. राजाराम कॉलेजचा हा पैलवान १९४८ ला लंडनला गेला आणि सहावा आला. लाल मातीतला गडी, मॅटची सवय नाही. कट्ट्यावर बसून 'मॅटनं घात केला' म्हणायला पूर्ण जागा होती. त्यांनी चार वर्षं मॅटवरच्या कुस्तीची तयारी केली, वजनगट बदलला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीला किंवा मॅटला दोष न देता काय कमी पडलं ते मोजायचं, हा त्या चार वर्षांचा भाग मला पदकापेक्षा जास्त शिकवतो.

आणि त्याच गोष्टीतला दुसरा धागाही सोडायला नको. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. महत्त्वाकांक्षी पुरुषाची गोष्ट सांगताना आपण त्याला एकटाच आखाड्यात उभा करतो. दादाच्या फाईलमध्ये वहिनींची सही 'जामीनदार' म्हणून आहे, बस्स. प्रत्यक्षात कोअर शॉप, म्हणजे नगाच्या आतली पोकळी पाडणारे वाळूचे गाभे करायचा विभाग, सुरुवातीपासून त्यांनी चालवला. पाच बायका घेऊन. गाभा हलका हात मागतो आणि त्या विभागातलं रिजेक्शन सगळ्यांत कमी असायचं. हिशेब त्यांचा, सोनं त्यांचं, आणि ४१२ नगांच्या काड्याही त्यांच्याच. गावाकडं तीस गुंठे ऊस होता, भाऊ बघत होता, म्हणजे फौंड्री बुडाली असती तरी चूल पेटणार होती. ज्याच्यामागं हे नसतं, त्याच्याकडं तोच काटेकोरपणा असूनही तो हेल्परच राहतो. तसे दोघं-तिघं उद्यमनगरात मी आजही दाखवू शकतो. दादा स्वतः हे मानत नाही. 'ज्याला करायचंय तो करतोच' असं त्याचं म्हणणं. दोरी आपल्या हातात मानणाऱ्यांची ही एक खोड आहे. दुसऱ्याच्या हातात मुळात दोरीच नव्हती, हे त्यांना दिसत नाही.

तिप्पट ऑर्डर

२०१७ साली पुण्याकडच्या एका वाहन-भाग कंपनीनं त्याला विचारलं. माल तिप्पट पाहिजे. नवीन भट्टी, नवीन मोल्डिंग लाइन, कर्ज चार कोटींच्या घरात. आमची बँक एका पायावर तयार होती, सीएनं रिपोर्टही बांधून ठेवला होता. माझ्या निवृत्तीला काही महिने होते आणि खरं सांगायचं तर जाता जाता एवढी मोठी फाईल आपल्या नावावर व्हावी असं मलाही वाटत होतं.

आम्ही रंकाळ्यावर बसलो होतो. त्यानं एकच विचारलं, "साहेब, ऑर्डर निम्मी झाली, तर मी कितवा हप्ता चुकवीन?" मी तोंडी हिशेब केला. तिसरा. तो म्हणाला, "मग वाढीव मालातला एक तृतीयांश घेतो. तेवढ्याला जुनी भट्टी रात्रपाळीनं पुरते." रात्री वीज स्वस्त पडायची, म्हणून फौंड्र्या तशाही रात्रीच जाग्या असायच्या. मी जरा नाराजच झालो. उद्यमनगरात चारचौघं 'दादा भ्यालाय' म्हणाले.

डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आहे. खुंटीवर कड्या फेकायच्या, उभं कुठं राहायचं ते आपलं आपण ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, कडी पडणारच. काही जण लांबून फेकतात, पडली तर नशीब. ज्यांच्यात काहीतरी करून दाखवायची ओढ जास्त, ते मधलं अंतर निवडतात, जिथून जमेल की नाही याची खात्री नसते पण जमलं तर ते आपल्या हातानं जमलं म्हणता येतं. याच मॅक्लेलंडनी १९६४ मध्ये आपल्याकडं येऊन आंध्रातल्या काकीनाड्याच्या सुमारे पन्नास व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत या ओढीचं प्रशिक्षण देऊन पाहिलं होतं. परत गेल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नवी गुंतवणूक केली, नवी माणसं कामावर घेतली. म्हणजे हा गुण जन्मजात शिक्का नव्हे, निदान काही अंशी तो जागवता येतो. माझ्या तासाला नवे अधिकारी इथं माना वर करतात.

२०१९ ला वाहन उद्योगात मंदी आली. ऑर्डरी आटल्या. ज्यांनी २०१७-१८ ला मोठ्या लाइन टाकल्या होत्या त्यातले काही जण खात्यांची पुनर्रचना मागायला बँकेत रांगेत होते. त्यात ऑगस्टमध्ये महापूर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. दादा तरला. पण इथं मी हात आखडतो. मंदी न येता बाजार चढला असता तर तिप्पट घेणारे आज दादाच्या दुप्पट असते आणि मी त्यांच्या धाडसावर हेच प्रकरण लिहिलं असतं. मधलं अंतर निवडण्यात शहाणपण होतं, २०१९ येण्यात नव्हतं.

किल्ल्या

यशाच्या गोष्टी इथं थांबतात. मला खरी उत्सुकता याच्या पुढची आहे.

ज्या सवयीनं त्याला वर आणलं, तीच दीडशे माणसांच्या फौंड्रीत बोंब मारायला लागली. मालातलं कार्बन-सिलिकॉन तपासणाऱ्या स्पेक्ट्रोच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात. प्रत्येक हीटवर त्याची सही. तो लग्नाला गेला तर पाणी भट्टीत वाट बघत राहायचं. पंधरा माणसांत 'माझी चूक' म्हणणारा माणूस दीडशेंत 'माझ्याशिवाय होत नाही' म्हणणारा कधी झाला ते त्यालाही कळलं नाही. एका वर्षात दोन सुपरवायझर सोडून गेले. एकाला त्यानं सगळ्यांसमोर जे सुनावलं ते मी तिथंच उभा राहून ऐकलं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगा डिप्लोमा करून आलेला, त्याला दोन वर्षं फक्त डिस्पॅच दिलं.

२०२० अखेर छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. फ्रीडमन आणि रोझनमन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये सतत घाईत, सतत चढाओढीत असणाऱ्या पुरुषांचा हृदयविकाराशी संबंध जोडला होता. 'टाइप ए' तो हाच. पुढच्या अभ्यासांत घाई मागं पडली आणि बोट रागाकडं, मनात धरलेल्या वैराकडं वळलं. वहिनींनी हे न वाचताच सांगितलं होतं: "धावू देत, पण दात खाऊन धावू नकासा." आणखी एक आकडेवारी मला तासाला सांगावीशी वाटते आणि मी सहसा टाळतो. २०१२ मध्ये टिमोथी जज आणि कामेयर-म्युलर यांनी १९२० च्या दशकात सुरू झालेल्या एका दीर्घ अमेरिकन पाहणीतल्या माणसांची आयुष्यं तपासली. महत्त्वाकांक्षा जास्त, त्यांचं शिक्षण जास्त, हुद्दा मोठा, पगार मोठा. समाधान मात्र जेमतेमच जास्त, आणि आयुष्य थोडं कमीच. कर्ज देणाऱ्या माणसानं हे कुठल्या रकान्यात भरायचं?

जुलै २०२१. पुन्हा पूर. शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं. दादा शहरात, फौंड्री पलीकडं, मधे पंचगंगा. मुलगा आणि सुपरवायझर आत अडकलेले, भट्टीत पाचशे किलो पाणी तयार. वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं. भट्टीत लोखंड थिजलं तर अस्तरासकट सगळं फोडून काढावं लागतं, आठवडे जातात. दादा तासभर फोन लावत होता. लागला तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, भट्टी रिकामी केली. सगळं पिगला ओतलं." म्हणजे नग न ओतता सरळ वाळूच्या चरात ओतून लाद्या पाडल्या. त्या हीटची वीज-मजुरी वाया, लोखंड मात्र पुन्हा वापरता येणार. वीस मिनिटांत लाइट गेली.

मी त्याच्या हॉलमध्ये बसलो होतो. मला वाटलं आता तरी शाबासकी देईल. तो चुळबुळला, घसा साफ केला आणि म्हणाला, "टेंपरेचर लिवून ठेवलंस काय?"

पलीकडून आवाज आला, "ठेवलंय. वेळ पण."

रस्ता खुला झाल्यावर तो गेला तेव्हा स्पेक्ट्रोच्या खोलीचं कुलूप तोडलेलं होतं. किल्ली शहरात, खोली शिरोलीत, मुलगा करणार काय? नवीन कुलूप आणलं, त्याच्या तीन किल्ल्या केल्या. यावर दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सही अजून दादाचीच लागते, पण आता पाणी तिच्यासाठी थांबत नाही. राग कमी झालाय असं मुलगा म्हणतो, वहिनी म्हणत नाहीत.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं, कारण कबूल केलं होतं. राग, किल्ल्या, सुपरवायझर, हृदय, सगळं. २००३ ची ती अर्धी ओळही वाचली. हसला. "बरोबरच लिवलं हुतंसा की. विक्री मला अजून जमत न्हाई, पोरगा बघतोय." बाकी कशावरच त्याची हरकत नव्हती. फक्त एका जागी त्यानं मला थांबवलं, आत गेला आणि कपाटातून २००६ ची वही घेऊन आला.

"चारशे बारा न्हवं साहेब, चारशे चौदा. दोन त्यांनी फोडून बघायला ठेवून घेतलेली."

गाडीतून आले ते ४१२ च, म्हणून वर आकडा तसाच ठेवलाय. त्याला ते पटलेलं नाही.